एचआयव्हीसह जगणारी मुलं आणि घरी येणारी ताई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन काम करणाऱ्या आम्हा सामाजिक कार्यकर्त्यांना हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. विचारणाऱ्या बहुतेक आज्या असतात, मावश्या, चुलत्या असतात. कधी शाळेतल्या बाई असतात, तर कधी नुकतंच समाजकार्याचं शिक्षण संपवून कामाला लागलेली एखादी मुलगी. औषधाबद्दलचा शेवटचा शब्द एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातल्या, डॉक्टरांचाच, हे मनात धरून पुढची उत्तरं वाचावीत.

तुम्ही घरी येऊन नेमकं करता काय?

आधी बसतो. घरातलं पाणी पितो, चहा दिला तर घेतो. ज्या घरात पाहुण्यांनी पाणी पिणं सोडलेलं असतं, तिथे एवढ्यानेही बरंच बोलणं मोकळं होतं. मग मुलाचं वजन, खाणं, झोप, शाळा यांची चौकशी करतो. गोळ्या किती उरल्या ते बघतो. पुढच्या तारखेला केंद्रावर कोण नेणार, गाडीभाड्याचं काय, हे ठरवतो. कागदपत्रांचं काम असेल तर अर्ज भरतो.

खरं काम मात्र मुलाला सांभाळणाऱ्या माणसाभोवती असतं. आजीचे गुडघे धरलेत, बीपीची गोळी संपलीय, रोजगार बुडाला म्हणून घरात तेल नाही, असं असेल तर नातवाची गोळी चुकणारच. म्हणून आमचा पहिला प्रश्न आजीच्या तब्येतीचा असतो. नवीन कार्यकर्त्यांना हे वेळ घालवणं वाटतं. आमच्या मते घरभेटीतला सगळ्यात मोलाचा वेळ तोच.

म्हणजे तुम्ही नर्स आहात का? सलाईन, इंजेक्शन देता का?

नाही. औषध लिहून देणं डॉक्टरांचं, रक्त घेणं लॅबचं. ताप कसा मोजायचा, जुलाबात ओआरएस आणि झिंक कसं द्यायचं, तोंडात पांढरा थर दिसला तर तो काय असू शकतो, हे आम्ही शिकवतो आणि गरज असेल तर सोबत दवाखान्यात येतो.

घरात एवढी ओढाताण असताना मूल संस्थेतच ठेवलं तर बरं नाही का?

हा प्रश्न आजी रडत रडत विचारते, आणि चुलते कधी कधी फार सहज विचारतात. पंढरपूरची पालवी, लातूरजवळ हासेगावचं सेवालय, बीडचं इन्फंट इंडिया, अहिल्यानगरचं स्नेहालय अशा संस्थांनी कुणीच नसलेल्या मुलांना जगवलं, वाढवलं. गावाचा विरोध सोसून हे काम उभं राहिलं, त्याबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. पण ज्या मुलाला प्रेम करणारं एक जरी माणूस घरी आहे, त्याला तिथून उचलण्याआधी त्या माणसाला काय हवं ते विचारायला हवं. पुष्कळदा हवं असतं ते थोडं धान्य, महिन्याचे काही पैसे आणि केंद्रावर जायला सोबत. बाल न्याय कायद्याचाही हाच आग्रह आहे की संस्था हा शेवटचा पर्याय असावा. घरात मारहाण असेल, उपासमार असेल, कुणी मुलाचा गैरफायदा घेत असेल, तर मात्र थांबायचं नाही. बाल कल्याण समितीकडे, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीकडे जायचं किंवा १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करायचा.

गोळ्या रोज जातात की नाही हे तुम्हाला कसं कळतं?

डबीतल्या गोळ्या मोजून थोडं कळतं, मुलाशी बोलून जास्त कळतं. दिवसाला एक गोळी असेल तर महिन्यात एखादी चुकणं इथवर ठीक, त्यापुढे विषाणूला डोकं वर काढायला वाव मिळतो आणि तेच औषध त्याच्यावर चालेनासं होऊ शकतं. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची तपासणी, ही खरी परीक्षा. उपचार सुरू झाल्यावर ६ आणि १२ महिन्यांनी, पुढे सर्वसाधारणपणे वर्षातून एकदा ती तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते.

मुलं गोळी टाकून देतात. गादीखाली, कौलात, म्हशीच्या गव्हाणीत सापडते. सापडली की ओरडायचं नाही. का टाकली ते विचारायचं. कडू लागते, मळमळतं, मित्र सकाळी लवकर हाक मारायला येतो आणि त्याच्यासमोर घ्यायची लाज वाटते, अशी साधी कारणं निघतात. मग वेळ बदलता येते. सकाळची गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची का, हे केंद्रावर विचारून ठरवलं की अनेक घरांतलं भांडण मिटतं.

गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या का?

नाही. आठवलं की लगेच द्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती परत द्यावी लागते.

लहान मुलांच्या गोळ्या वेगळ्या असतात का? मूल वाढलं की डोस बदलतो का?

बदलतो, आणि इथेच घरभेटीचा फार उपयोग होतो. मुलांचा डोस वजनावर ठरतो. मूल अंगाने भरलं आणि डोस जुनाच राहिला तर औषध कमी पडतं. म्हणून आम्ही अंगणवाडीच्या किंवा स्वतःच्या काट्यावर वजन करून एआरटी पुस्तकातल्या (केंद्राने दिलेल्या उपचारांच्या नोंदवहीतल्या) मागच्या नोंदीशी ताडून बघतो. आता बऱ्याच मुलांना डोल्युटेग्राव्हिर असलेलं औषध मिळतं. लहानग्यांसाठी त्याची पाण्यात विरघळणारी गोळीही निघाली आहे. ती कपभर पाण्यात नको, दोन-चार चमचे पाण्यात विरघळवा. भांडं विसळून ते पाणीही मुलाला पाजा, नाहीतर औषध तळाशी राहतं.

एक गोष्ट घरोघरी सांगावी लागते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरचा परिणाम कमी करतात. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. ती बंद करायची नाही, मुलांना लोहाची गरज असतेच. एचआयव्हीची गोळी लोहाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर द्या, किंवा दोन्ही भरल्या पोटी एकत्र द्या. रात्री गोळी घेणाऱ्या मुलाला शाळेतल्या गोळीची अडचण सहसा येत नाही.

अबाकॅव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध नव्याने सुरू झालं असेल तर पहिले ६ आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. ताप, अंगावर पुरळ, उलट्या, पोटदुखी, धाप यांतली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर त्याच दिवशी केंद्र गाठा. त्या त्रासामुळे डॉक्टरांनी औषध बंद केलं, तर उरलेल्या गोळ्या पुन्हा कधीही सुरू करायच्या नाहीत. त्या जिवावर बेतू शकतात.

मला लिहितावाचता येत नाही. वेळ कशी लक्षात ठेवू?

टीव्हीवरच्या रोजच्या मालिकेची वेळ, देवापुढे दिवा लावायची वेळ, असं काहीतरी आधीच पक्कं असतं. गोळी त्याला बांधायची. कॅलेंडरवर रोज कुंकवाचं बोट लावणाऱ्या आज्या आमच्या माहितीत आहेत, आणि त्यांच्या नोंदी शिकलेल्या माणसांपेक्षा चोख असतात.

आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने गाव सोडतो. मग गोळ्यांचं काय?

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत घरभेटींचा सगळा हिशेब या एका प्रश्नाभोवती फिरतो. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. उचल घेतलेली असते, मध्येच गावाला येणं म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे पैसे कापले जाणं. मुकादमाला कारण सांगता येत नाही. अशा वेळी गोळ्या संपतात, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत आलेलं मूल वाळून गेलेलं दिसतं.

उपाय निघण्याआधीच करावा लागतो. दसऱ्याच्या आसपास घरी जाऊन टोळी कुठल्या कारखान्याला जाणार ते विचारायचं. केंद्राला सांगितलं तर तब्येत स्थिर असलेल्या मुलाला एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय होऊ शकते, किंवा कारखान्याजवळच्या एआरटी किंवा लिंक एआरटी केंद्रातून (मोठ्या केंद्राला जोडलेल्या छोट्या केंद्रातून) औषध घेता येतं. एआरटी पुस्तक ट्रंकेत नको, सोबतच्या पिशवीत ठेवा. कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, गोळ्या ओल्या होतात, म्हणून मूळ डबी आणि तिच्यातली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नका. डबीवरचं नाव दिसायला नको असेल तर कागद सोलून काढा, पण गोळ्या उघड्या पुडक्यात बांधू नका.

मूल गावात मागे ठेवता आलं तर आणखी चांगलं. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिथे मूल दिवसभर शाळेत राहतं, जेवण मिळतं, रात्री आजीकडे झोपतं. अट एकच, आजीला त्या सहा महिन्यांत एकटं पडू द्यायचं नाही. या दिवसांत आमच्या फेऱ्या वाढायला हव्यात.

मुलाला त्याचा आजार कधी सांगायचा?

एका दिवशी सगळं सांगून मोकळं व्हायची ही गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की शाळकरी वयात, म्हणजे साधारण ६ ते १२ वर्षांत, मुलाला समजेल तसतसं थोडं थोडं सांगत जावं. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं: "तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते. गोळी चुकली की तो जागा होतो." नऊ-दहा वर्षांचं मूल विचारू लागतं, मलाच का, मोठ्या बहिणीला का नाही. तेव्हा आजाराशी लढणाऱ्या रक्तातल्या सैनिक पेशींबद्दल, रक्त तपासणीबद्दल बोलता येतं. बाराच्या आसपास आजाराचं नाव कळायला हवं, आणि ते शेजारच्या पोराच्या तोंडून, शाळेच्या पुस्तकातून किंवा मोबाइलवरून कळण्याआधी आपल्या माणसाकडून कळायला हवं.

आया यासाठी तयार नसतात, आणि त्यांचं कारण खरं आहे. मूल विचारेल, "मला कुठून झालं?" आई गप्प होते, कारण तिला वाटतं आता हे मूल माझा तिरस्कार करील. म्हणून आधी आम्ही आईशी बोलतो, किती तरी भेटींत. तिने कुणाचं वाईट केलेलं नाही, तिलाही ही लागण बहुतेकदा कुणाकडून तरी नकळत झालेली असते, आणि मुलाला वाचवायला तिने काय काय केलं ते मुलाला सांगण्याजोगं आहे. बोलायचं तिनेच, समुपदेशक शेजारी बसतात. सांगून झाल्यावर लगेच निघून जायचं नाही. दोन-तीन दिवसांत परत भेट हवीच, कारण खरे प्रश्न तेव्हा येतात.

आई-वडील गेलेत हेही मुलांपासून लपवलं जातं. "आई गावाला गेलीय" म्हणून सांगितलेलं मूल वर्षानुवर्षं वाट बघतं. त्याला वर्षश्राद्धाला बसू द्या, फोटोला हार घालू द्या, रडू द्या.

शाळेत सांगायचं का?

सांगण्याची सक्ती कुणीही करू शकत नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार या कारणावरून प्रवेश नाकारणं, वेगळं बसवणं, शाळेतून काढणं हा भेदभाव ठरतो, आणि संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करणंही बेकायदा आहे. तक्रारीसाठी राज्य पातळीवर लोकपाल नेमण्याची तरतूद आहे. शिवाय शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांसाठी महाराष्ट्रात एचआयव्ही बाधित आणि प्रभावित मुलं वंचित गटात धरली जातात.

तरीही आमचं मत सावध आहे. कायदा पाठीशी असला तरी गाव लहान असतं. निवासी शाळेत रोज गोळी द्यायची असेल, तर विश्वासाच्या एकाच व्यक्तीला, घरच्यांच्या आणि समजत्या वयाच्या मुलाच्या संमतीने सांगावं. बाकी वेळी "महिन्यातून एकदा दवाखान्यात जावं लागतं" एवढं शाळेला पुरतं.

तुमची गाडी दारात लागली की गावाला कळतं. मग गुप्तता कसली?

बरोबर आहे, म्हणून पाटी असलेली गाडी दारात न्यायचीच नाही. आम्ही पायी येतो, लांब उतरतो. त्या आळीतल्या आणखी दोन घरी बसतो, बचत गटाचं, शिष्यवृत्तीचं बोलतो. वहीत नावाऐवजी क्रमांक लिहितो. मुलांचे फोटो काढत नाही, देणगीदारासाठीही नाही, आणि कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकत नाही. सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीताई यांनाही घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय काही सांगितलं जात नाही. कुणी ताई हा नियम मोडत असेल तर तिच्या संस्थेकडे तक्रार करा. तो तुमचा हक्क आहे.

एका ताटात जेवलं, पापा घेतला, एकत्र अंघोळ केली तर लागण होते का?

नाही. डास चावल्यानेही नाही. जखमेतून रक्त येत असेल तर हातमोजा किंवा स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातात घालून साबण-पाण्याने धुवा आणि झाका. ब्लेड आणि दातांचा ब्रश प्रत्येकाचा वेगळा असावा, तो तसा सगळ्याच घरांत असावा.

सून पॉझिटिव्ह आहे आणि बाळ झालंय. बाळालाही असेलच ना?

असेलच असं नाही. काहीच उपचार न घेता, स्तनपान धरून, १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. आईचे उपचार नीट चालू असतील तर हे प्रमाण ५ च्याही खाली आणता येतं. बाळाला जन्मल्यापासून केंद्राने दिलेलं औषध द्या. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन पहिली तपासणी होते, पुढे ठरल्या वेळी आणखी होतात आणि १८ महिन्यांनी शेवटची. मधल्या तपासण्या चुकवू नका. लागण असेल तर उपचार तिथेच सुरू करायचे असतात, कारण लहान बाळात आजार फार वेगाने वाढतो. आई औषध घेत असेल तर पहिले ६ महिने फक्त अंगावरचं दूध द्यावं, वरचं दूध, गुटी, मध, पाणी काहीच नको. आमच्याकडे सासूबाईंना गुटीचं पटवण्यातच निम्म्या भेटी जातात.

काही मदत, पैसे मिळतात का?

मिळतात, पण कागदांनी जीव मेटाकुटीला येतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्ही बाधित व्यक्ती आणि अनाथ मुलं बसतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये असून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलासाठी महिन्याला २,२५० रुपयांची तरतूद आहे. हा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाकडे जातो आणि बाल कल्याण समिती मंजुरी देते. गरीब बाधित कुटुंबांना अंत्योदय शिधापत्रिकेत घ्यावं असे केंद्र सरकारचे निर्देश २००९ पासून आहेत. अंत्योदयला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. केंद्रावर जाण्यासाठी एसटीत सवलत आहे, तिचं प्रमाणपत्र एआरटी केंद्राकडे मागा.

आधार, मृत्यूचे दाखले, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, मुलाच्या नावाचं बँक खातं, एवढं एका फाईलमध्ये आधीच जमवून ठेवा. अनुदान दर महिन्याला वेळेवर येतं असं नाही. आजी तालुक्याला खेटे घालून थकते, म्हणून पाठपुरावा हे कार्यकर्तीचंच काम समजावं.

आई-वडील दोघंही गेले. शेत चुलत्यांच्या ताब्यात आहे. मुलांना काही मिळेल का?

सातबारावर वारस नोंद झाली का ते आधी बघा. नसेल तर तलाठ्याकडे अर्ज करा. २०१७ च्या कायद्यात या मुलांच्या मालमत्तेसाठी खास तरतूद आहे: मालमत्तेचे कागद सुरक्षित ठेवण्यासाठी बाल कल्याण समितीकडे देता येतात, आणि मुलाला घराबाहेर काढलं किंवा जमीन बळकावली तर तिथे तक्रारही करता येते. त्याच कायद्याने मोठ्या भावंडालाही मान दिला आहे. १२ ते १८ वर्षांचं, घराचा कारभार समजून करणारं भावंड धाकट्याचं पालक म्हणून शाळा प्रवेश, उपचार, बँक खातं यांसाठी सही करू शकतं. हे अनेक कार्यालयांना माहीत नसतं. कलम ३२ ची छापील प्रत सोबत न्या.

खायला काय द्यावं?

जे घरात शिजतं तेच, पण थोडं जास्त. लक्षणं नसलेल्या मुलालाही साधारण १० टक्के जास्त ऊर्जा लागते, वजन घटलं असेल तर याहून बरीच जास्त. भाकरीवर तेल, शेंगदाण्याची चटणी, अंडं, नाचणीची आंबील, राजगिऱ्याचा लाडू. महागड्या पावडरी घेऊ नका.

एका बाबांचा काढा आहे, हमखास बरं होतं म्हणतात.

आज एचआयव्ही मुळासकट काढणारं औषध बाजारात कुठेही मिळत नाही. अंगारा लावा, नवस बोला, आम्ही अडवणार नाही. गोळी मात्र थांबवायची नाही, आणि काढा द्यायचा विचार असेल तर केंद्रात आधी विचारा, कारण काही औषधं एकमेकांना मारक ठरतात.

कोणत्या लक्षणांत ताबडतोब दवाखाना गाठायचा?

श्वास जोरात चालणं, झटके, गुंगी, मान ताठ होऊन डोकेदुखी, काहीच पोटात न राहणं. ताप किंवा खोकला रेंगाळला, वजन वाढेनासं झालं किंवा घरात कुणाला टीबी निघाला, तर त्याच आठवड्यात तपासणी करा.

पोरगा सोळा वर्षांचा झाला, गोळ्या घेणार नाही म्हणतो. काय करू?

त्याचा राग समजून घ्या. जन्मापासून दुसऱ्याच्या सांगण्यावरून गोळी घेतलेल्या मुलाला पहिल्यांदाच "नाही" म्हणता आलेलं असतं. धमकीने तो गोळी तोंडात घेईल आणि मागच्या दारी थुंकेल. त्याच्याशी एकट्याशी बोलणारं माणूस हवं. जमलं तर त्याच आजारासह वाढून आज नोकरी करणारा एखादा तरुण. आपल्या देशात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, मुलांसाठीचा खास कार्यक्रम नोव्हेंबर २००६ मध्ये. त्या वेळची मुलं आता विशी-तिशीत आहेत, शिकली, लग्नं झाली, त्यांना निरोगी बाळंही झाली. विषाणूचं प्रमाण तपासणीत न सापडण्याइतकं खाली राहिलं तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे सोळाव्या वर्षी कळणं फार गरजेचं आहे. लग्नाचं दार बंद झालं या समजुतीतूनच पुष्कळ मुलं औषध सोडतात.

मी नवीन कार्यकर्ती आहे. एखादं मूल गेलं की महिनाभर कामात मन लागत नाही.

लागणार नाहीच. अंत्यविधीला जा, दहाव्याला जा, त्या घरी नंतरही जात राहा. आजीला तेव्हाच तुमची सगळ्यात जास्त गरज असते, आणि नेमक्या त्याच वेळी फाईल बंद झालेली असते. आपल्या वरिष्ठांकडे वेळ मागा. एका कार्यकर्तीवर पेलवणार नाहीत एवढी घरं टाकणाऱ्या संस्थांना हे स्पष्ट सांगायला हवं की त्याची किंमत मुलं मोजतात.

आमच्या घरी अशी ताई यावी म्हणून कुठे विचारायचं?

जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या एआरटी केंद्राच्या किंवा आयसीटीसीच्या (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्राच्या) समुपदेशकांना भेटा. त्यांच्याकडे जिल्ह्यात काम करणाऱ्या संस्थांची, लिंक वर्करची (गावपातळीवर एचआयव्हीचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांची) आणि बाधितांच्या संघटनांची माहिती असते. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही चौकशी करता येते. पहिल्या भेटीची जागा तुम्ही ठरवा. घरी नको वाटलं तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला, दवाखान्याच्या आवारातही भेटता येतं.